घाटाखालचा मध्यस्थ : मोटार विम्याचा खुला बाजार आणि खोपोलीचा एजंट

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. मोटारीचा विमा आणि तो उतरवून देणारा एजंट. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यावर बोलायचं म्हणजे काहींना गंमतही वाटेल. पण आपण या मालेत एक गोष्ट सतत पाहत आलो आहोत : मोठे प्रश्न मोठ्या ग्रंथांत असतात तसे लहान व्यवहारांतही असतात. दर ठरलेले होते ते एके दिवशी मोकळे झाले. दराशी ज्याचा काही संबंधच नव्हता असा एक माणूस त्यामुळे अडचणीत आला. त्याने काय केलं, आणि त्यात आपलं काय झालं, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी आपण खोपोली निवडली, कारण जोखीम या शब्दाचा अर्थ घाटाखालच्या गावाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. बोरघाट ही कोकण आणि देश यांना जोडणारी जुनी वाट. बैलांच्या, तट्टांच्या पाठीवरून माल जायचा. त्या काळी मराठी मुलखात 'हुंडेकरी' नावाचा व्यावसायिक होता. व्यापाऱ्याकडून ठराविक रक्कम घ्यायची आणि वाटेतल्या जकातींसकट माल मुक्कामाला पोचवायचा पत्कर घ्यायचा, हे त्याचं काम. वाटेत काय होईल याची चिंता व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याच्या डोक्यावर ठेवली, त्याचेच पैसे दिले. तशीच 'जोखमी हुंडी'. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाला तर नाही. म्हणजे एकाच कागदात उधारीही आणि विमाही. 'विमा' हा शब्द आपण फारसीतून घेतला खरा, पण ती कल्पना इथल्या वाटेवर, इथल्या पेठेत रुळलेली होती.

१८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि थांबली, कारण पुढे घाट. दोन वर्षांनी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला तुकडा माणसं पालखीतून, गाडीतून, पायी चढत होती. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला, तो पळसदरीहून वर गेला, आणि खोपोली फाट्यावरचं शेवटचं स्टेशन होऊन राहिली. १९१५ मध्ये इथे टाटांचं वीजघर आलं, मागून कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर ट्रक आले. आजही जुन्या महामार्गाने घाट चढणारा ड्रायव्हर शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकतो. घाटाची वाट इंग्रजांना दाखवली आणि त्यात जिवाला मुकला, अशी ज्या धनगराची कथा सांगतात, त्याचं ते देऊळ. ते नाणं कोणी श्रद्धा म्हणेल, कोणी सवय म्हणेल. आपण त्याला पहिला हप्ता म्हणू या.

आता मोटारीकडे वळू. बैलगाडीचा धक्का लागला तर भांडण गावात मिटतं. ट्रकखाली माणूस गेला तर मिटत नाही. ज्याचा ट्रक त्याच्यापाशी भरपाई द्यायला पैसे असतीलच असं नाही. यातून विसाव्या शतकात एक नवी कल्पना आली : गाडी रस्त्यावर आणायची तर दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ही सक्ती १९२७ पासून लागू केली. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने केली. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्यातलं विम्याच्या सक्तीचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आलं. पुढे १९८८ च्या कायद्यानेही ती सक्ती चालू ठेवली.

याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो. हा शब्द रोजच्या बोलण्यात इतका गुळगुळीत झालाय की त्यात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. करार दोघांत होतो, गाडीमालक आणि कंपनी. पण तो करार ज्याच्यासाठी आहे, तो तिसराच. तो कोण हे करार करताना कोणालाच माहीत नसतं. त्याने सही केलेली नाही, पैसे भरलेले नाहीत. तो अजून भेटायचाय, आणि देवाच्या दयेने भेटू नये. अनोळखी माणसाविषयीचं कर्तव्य असं कागदावर, शिक्क्यानिशी, दरवर्षी नूतनीकरण करून पाळायला लावणारी दुसरी संस्था शोधायला गेलं तर चटकन आठवत नाही. हा तिसरा माणूस आज आपल्याला शेवटपर्यंत सोबत ठेवायचा आहे.

विमा विकणारा माणूस आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. १९१३ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया ही आयुर्विम्याची कंपनी काढली. १९१९ मध्ये दोराबजी टाटांनी मुंबईत न्यू इंडिया अॅश्युरन्स काढली, म्हणजे खोपोलीत वीजघर उभारणाऱ्या घराण्यानेच, चार वर्षांनी. पुढे १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. सर्वसाधारण विमा, ज्यात मोटार येते, तो खाजगी हातांत राहिला. १९७१ मध्ये सरकारने त्याचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कंपन्या चार, पण दर एक. टॅरिफ अॅडव्हायजरी कमिटी दरपत्रक काढायची आणि त्याच दराने सगळ्यांनी विकायचं. खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग होते. मुंबई, पुणे, दिल्ली अशी मोठी शहरं 'अ' विभागात, बाकी सगळा देश 'ब' विभागात. खोपोली दोन 'अ' शहरांच्या मधोमध बसलेली, पण स्वतः 'ब'. गाडी किती सीसीची, किती वर्षांची, कुठे नोंदवलेली, एवढं पाहायचं, पुस्तक उघडायचं, आकडा लिहायचा. चार कंपन्यांच्या चार एजंटांकडे गेलात तरी आकडा तोच.

मग एजंट विकत काय होता? दर तर त्याच्या हातात नव्हता. तो विकत होता ओळख आणि खटपट. कोणाची पॉलिसी कधी संपते हे त्याच्या डायरीत असायचं. तो घरी यायचा, चेक न्यायचा, आठवड्याने पॉलिसी आणून द्यायचा. कायद्याने प्रीमियम आधी भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून ऐनवेळी कितीतरी एजंट स्वतःच्या खिशातून पैसे भरून टाकत आणि मग मालकाकडून वसूल करत. ट्रकचं पासिंग विम्याशिवाय होत नाही. खोपोलीकराला त्यासाठी आधी पेणला आणि नंतर पनवेलला आरटीओत जायचं. तिथले कागद, पीयूसी, विमा, परमिट असं सगळं एकाच माणसाकडे असलं तर बरं पडायचं. बऱ्याच एजंटांचं दुकान म्हणजे झेरॉक्सचं मशिन, दोन खुर्च्या, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर, एवढंच.

इथे आपल्याला कांटची आठवण होते. त्याने १७८५ च्या आपल्या छोट्या नीतिग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. हा दुकानदार सगळ्यांना एकच भाव लावतो, लहान मूल आलं तरी फसवत नाही. कांट विचारतो, हा प्रामाणिक आहे का? त्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे यात शंका नाही, पण ते कर्तव्यबुद्धीने आहे की दुकान चालावं म्हणून, हे बाहेरून कळत नाही. १९७३ ते २००६ या काळातल्या एजंटाला हेच लागू पडतं. दराच्या बाबतीत तो प्रामाणिक होताच, कारण दुसरा पर्यायच नव्हता. त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा दरपत्रक होतं तोवर झालीच नाही. ती पुढे व्हायची होती.

आणि तो काळ सोन्याचा होता असंही समजू नका. स्पर्धा नाही म्हणजे घाई नाही. क्लेमची फाईल विभागीय कार्यालयात पडून राहायची. पॉलिसीचा कागद कोणाला वाचून कळेल असा नसायचा. एजंटाला फारसं काही समजावून सांगावं लागत नव्हतं, कारण ग्राहक दुसरीकडे जाऊन वेगळं काही मिळणार नव्हतं. काही एजंट क्लेमच्या वेळी धावत यायचे, काही त्या दिवसांत गावालाच गेलेले असायचे. दोघांचं कमिशन सारखं.

१९९४ मध्ये मल्होत्रा समितीचा अहवाल आला. १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. परकी भागीदारीला तेव्हा २६ टक्क्यांची मर्यादा होती. टाटाही परदेशी भागीदार घेऊन या धंद्यात परत आले. पुण्यात बजाज अलियान्झचं मुख्यालय झालं. पण मोटारीचा दर तरीही पुस्तकातलाच होता. खेळाडू वाढले, पण गुण देण्याची पद्धत तीच. खरा बदल १ जानेवारी २००७ ला झाला. त्या दिवसापासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे बाजारात ज्याला आपण 'फर्स्ट पार्टी' म्हणतो त्या भागाचा, दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारी यंत्रणेकडेच राहिला, आजही आहे. जून २०२२ पासूनच्या दरांत हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये, ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलला ७१४ रुपये, असे ते आकडे. अर्धा बाजार मोकळा, अर्धा बांधलेला.

या अर्धवट मोकळेपणाचे परिणाम बघा. कंपन्यांनी हिशेब केला : नवी खाजगी मोटार, शहरातला मालक, क्लेम कमी. तिला सूट द्या, ओढून घ्या. जुना ट्रक, घाटातली ये-जा, थर्ड पार्टीचा दर आपल्या हातात नाही, न्यायालय भरपाई किती देईल सांगता येत नाही. तो नको. मोटारवाल्याच्या दारात रांग, ट्रकवाल्याला दार बंद. शेवटी एप्रिल २००७ पासून व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचा देशभराचा सामायिक निधी करावा लागला. नुकसान सगळ्या कंपन्यांनी वाटून घ्यायचं. तो मार्च २०१२ पर्यंत चालला. स्पर्धेने ज्याला सोडून दिलं त्याच्यासाठी पुन्हा सामूहिक व्यवस्था लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एजंटाचं काय झालं ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, एका मोटारीच्या नुकसान-विम्याचा जुना दर १०,००० रुपये होता आणि कमिशन १० टक्के. एजंटाला हजार मिळायचे. आता कंपनीने ६० टक्के सूट दिली. प्रीमियम ४,०००, कमिशन ४००. काम तेवढंच, उलट वाढलं, कारण आता ग्राहक विचारतो, 'अमक्या कंपनीत किती बसेल?' आणि इथे नियम आडवा येतो. आपल्याकडे एजंटाला सर्वसाधारण विम्याच्या एकाच कंपनीचं काम करता येतं. दुसरीचा भाव त्याला माहीत असला तरी तो ती विकू शकत नाही.

त्यातच आणखी दोन बाजूंनी माणसं आली. एक, शोरूम. नवी गाडी घेताना विमा तिथेच उतरतो, कर्ज तिथेच होतं. २०१७ मध्ये नियामकाने शोरूमच्या विमाविक्रीला रीतसर चौकट दिली. मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीला ३ वर्षांचा आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घेणं भाग झालं. आदेश योग्यच होता, कारण दुसऱ्या वर्षापासून लोक, विशेषतः दुचाकीवाले, विमा काढतच नव्हते. पण एजंटाच्या दृष्टीने दुचाकीचा ग्राहक शोरूममध्येच पाच वर्षांसाठी बांधला गेला. दुसरा आला मोबाईल. दोन मिनिटांत दहा कंपन्यांचे भाव. ब्रिटनमध्ये हे १९८५ पासून फोनवर सुरू झालं होतं. अमेरिकेत तर १९३६ पासून सरकारी नोकरांना एजंटाशिवाय मोटार विमा विकणारी कंपनी होती. आपल्याकडे ते सगळे टप्पे दहाएक वर्षांत एकदम आले.

इथे थोडं बाहेर पाहू. मघाशी आपण मॅसॅच्युसेट्सचं नाव घेतलं. तिथेही कित्येक दशकं मोटार विम्याचा दर राज्य ठरवायचं, आणि विमा मुख्यतः गावोगावच्या स्वतंत्र एजंटांकडून घेतला जायचा. १ एप्रिल २००८ ला राज्याने दर मोकळे केले, आपल्या नंतर सव्वा वर्षाने. थेट ग्राहकाला विकणाऱ्या मोठ्या कंपन्या राज्यात आल्या. एजंटांपुढे प्रश्न तोच होता. पण त्यांच्या हातात दोन गोष्टी होत्या ज्या आपल्या एजंटाकडे नव्हत्या. पहिली, तिथला स्वतंत्र एजंट एका वेळी अनेक कंपन्यांचं काम करतो, त्यामुळे भावांची तुलना करून देणं हाच त्याचा धंदा झाला. दुसरी अधिक महत्त्वाची. तिथे कोणाची पॉलिसी कधी संपते ही यादी एजंटाची मालमत्ता मानली जाते. तो ती विकू शकतो, मुलाला देऊ शकतो. आपल्या एजंटाची डायरी त्याची, शाई त्याची, पण ग्राहक कंपनीचा. त्याने एजन्सी सोडली की कंपनी त्याच ग्राहकाला सरळ फोन करते. बाजार खुला करताना आपण दर मोकळे केले, मध्यस्थाला मोकळं केलं नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही कळीची गोष्ट आहे.

मग खोपोलीसारख्या गावातला एजंट टिकला कसा? आम्ही खोपोली-कर्जत भागातल्या काही जणांशी याबद्दल बोललो, तेव्हा चार वाटा दिसल्या.

पहिली वाट घरातली. एकाच्या नावावर एक कंपनी, बायकोच्या नावावर दुसरी, भावाच्या नावावर तिसरी. टेबल एकच. नियमाच्या अक्षराला धरून, अर्थाला सोडून. २०१५ मध्ये नियामकाने 'पॉइंट ऑफ सेल पर्सन' हा नवा प्रकार आणला. दहावी पास, पंधरा तासांचं प्रशिक्षण, एक परीक्षा. असा माणूस एखाद्या ब्रोकरच्या हाताखाली राहिला की ब्रोकरकडच्या सगळ्या कंपन्या विकू शकतो. ब्रोकरांना आपल्याकडे २००२ पासूनच परवानगी होती, पण ते मोठ्या कारखान्यांच्या मागे असत. आता ते मोबाईल अॅपमधून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचले. कितीतरी एजंटांनी आपली जुनी एजन्सी सोडून ही वाट धरली. भाव दाखवता येऊ लागले, पण डायरी ब्रोकरच्या संगणकात गेली.

दुसरी वाट, मोटारीवर अवलंबून न राहणं. आरोग्य विमा, आयुर्विमा, म्युच्युअल फंड. मोटारीचा विमा आता दार उघडण्यापुरता. वर्षातून एकदा ग्राहकाच्या घरी जायला निमित्त.

तिसरी वाट उलट दिशेची, ट्रकवाल्यांकडे जाणारी. २० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टीचाच हप्ता जून २०२२ पासून ४३,९५० रुपये. ट्रकमालक तो मोबाईलवर एकटा भरत बसत नाही. त्याला पासिंगची तारीख, परमिट, फिटनेस, बँकेचा हप्ता सगळं जुळवून हवं असतं. यावर कमिशन फार नव्हतं, २०१७ पासूनच्या नियमांत अडीच टक्क्यांची मर्यादा होती. एप्रिल २०२३ पासून अशा वेगवेगळ्या मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावर, म्हणजे प्रीमियमच्या ३० टक्क्यांवर, एकच मर्यादा ठेवली गेली. तेव्हापासून कंपन्यांना जी वाहनं हवी त्यांवर कमिशन जास्त आणि नको त्यांवर नाममात्र, असं चित्र झालं. कमिशन पूर्वी श्रमाचा मोबदला होतं, आता ते कंपनीच्या इच्छेचा इशारा झालं.

चौथी वाट सर्वांत अवघड आणि आमच्या दृष्टीने सर्वांत खरी. क्लेमच्या दिवशी उभं राहणं. घाटात गाडी ठोकली गेली. रात्र आहे, पाऊस आहे. गाडी हलवायची की नाही? फोटो कुठून काढायचे? पोलिसांत नोंद हवी का? सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजवाल्याने गाडी खोलली तर? टोइंगचे पैसे कोण देणार? मोबाईलवर विमा घेतलेला माणूस अशा वेळी कॉल सेंटरला 'बोरघाटात, अमृतांजन पुलाच्या खाली' हे समजावून सांगत बसतो, तो पूल २०२० मध्ये पाडला गेला तरी. घाटाखालच्या एजंटाला हे सांगावं लागत नाही. ही वाट धरलेल्यांचे ग्राहक शंभर-दोनशे रुपयांसाठी हलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि आम्हाला ते पटतं.

आता कांटच्या दुकानदाराकडे परत येऊ, कारण त्याची परीक्षा आता सुरू झाली. दर मोकळा झाल्यावर एजंटासमोर दोन मोह उभे राहिले.

पहिला मोह कमिशनमधला वाटा ग्राहकाला देण्याचा. विमा कायद्याचं १९३८ पासूनचं ४१ वं कलम याला मनाई करतं, आणि २०१५ च्या दुरुस्तीने दंड १० लाखांपर्यंत नेला. तरी 'किती सोडताय?' हा प्रश्न ग्राहकच आधी विचारतो. म्हणजे मोह दोघांचा.

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. हप्ता कमी दाखवायचा सोपा उपाय म्हणजे गाडीची विमा-किंमत, आयडीव्ही, कमी धरणं. हप्ता पाचशेने उतरतो, ग्राहक खूश. गाडी चोरीला गेली की मग कळतं, हातात पन्नास हजार कमी आले. किंवा झिरो डेप काढून टाकायचं आणि सांगायचं नाही. किंवा मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असताना 'नो क्लेम बोनस' लावून द्यायचा. विम्याचा करार परम सद्भावाचा करार मानला जातो. लॉर्ड मॅन्सफील्डने १७६६ मध्ये इंग्लंडमध्ये एका खटल्यात हे तत्त्व ठसवलं. ज्याला माहीत आहे त्याने ते दडवायचं नाही. खोटा बोनस लावला की त्या सद्भावाला तडा जातो आणि क्लेम नेमका तिथे अडकतो. स्वस्त कागद विकणारा त्या दिवशी फोन उचलेलच असं नाही.

आणि मग मूळ प्रश्न. एजंट कोणाचा? कायद्याने तो कंपनीचा प्रतिनिधी. ब्रोकर मात्र ग्राहकाचा. पण खोपोलीतला ग्राहक कंपनीला ओळखत नाही, तो 'आमचे विम्यावाले काका' म्हणतो. पैसे कंपनी देते, विश्वास ग्राहक देतो. दोन धन्यांचा सेवक एकाशी तरी बेइमान होतो, असं सहज म्हणता येईल. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. वकील, वैद्य, भटजी, शेतमालाचा अडत्या, सगळेच मध्यस्थ थोडेफार असे दोन टोकांमध्ये उभे असतात. प्रश्न तो कोणाचा हा नसून, दोघांचं हित जिथे वेगळं होतं तिथे तो बोलतो की गप्प बसतो, हा आहे. दरपत्रकाच्या काळात गप्प बसून चालत होतं. खुल्या बाजारात गप्प बसणं म्हणजेच फसवणं होऊ शकतं.

शेवटी आपला तिसरा माणूस. २०२३ च्या एप्रिलमध्ये शिंगरोबा मंदिराजवळ जुन्या महामार्गावरून खाजगी बस दरीत कोसळली, ते आपल्याला आठवत असेल. अशा प्रत्येक अपघातानंतर भरपाईच्या प्रश्नाची सुरुवात एका साध्या चौकशीपासून होते : गाडीचा विमा होता का? विमा असेल तर कायदा बळीच्या बाजूने बराच पुढे जातो. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग पक्का केला : ड्रायव्हरच्या परवान्यात दोष असला तरी कंपनीने आधी जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला भरपाई द्यावी, आणि नियमभंगाला मालक जबाबदार ठरला तर नंतर त्याच्याकडून वसूल करावी. पण विमाच नसेल तर? आपल्या देशातल्या रस्त्यांवर निम्म्याच्या आसपास वाहनं विम्याविना धावतात, आणि त्यांत दुचाकी जास्त. १९४६ पासून सक्ती आहे, २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड आहे, तरी ही स्थिती आहे.

स्पर्धेने मोटारवाल्याचा हप्ता कमी केला, हे खरं, आणि ते चांगलंच झालं. पण विम्याबाहेर राहिलेल्या दुचाकीच्या मागे कोणी जात नाही. ७१४ रुपयांच्या कागदात कंपनीला रस नाही, अॅपला त्या माणसाचा नंबर माहीत नाही, शोरूमचा संबंध पाच वर्षांनी संपला. त्या मोटारसायकलवाल्याला 'तुझा विमा संपलाय रे' असं सांगणारा पूर्वी एकच माणूस होता, ज्याच्या डायरीत ती तारीख होती. दर मोकळे करताना त्या डायरीची किंमत कोणी धरली नाही, कारण ती कुठल्याच ताळेबंदात नव्हती.

म्हणून एजंट राहावा की जावा, हा प्रश्न केवळ त्याच्या पोटाचा नाही. तो जे काम न मोजता करत होता ते आता कोण करणार, हा प्रश्न आहे. त्याला अनेक कंपन्यांचं काम उघडपणे करू देणं, त्याच्या यादीवर त्याचा हक्क मान्य करणं, आणि विम्याविना फिरणाऱ्या वाहनाला विम्यात आणल्याबद्दल त्याला मोबदला देणं, या तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत असं आम्हाला वाटतं. आणि आपण ग्राहकांनीही एक करावं. पुढच्या वेळी 'किती सोडताय' विचारण्याआधी 'क्लेमच्या दिवशी कोण येणार' हे विचारावं. उत्तर ऐकून मग हप्ता ठरवावा. आणि घरातल्या दुचाकीची तारीख आज घरी गेल्यावर एकदा बघून घ्यावी.